चोविसावा खोटा इशारा

डायऑक्सेनला किंचित गोड वास असतो. तो नाकाला जाणवेपर्यंत हवेतलं त्याचं प्रमाण बहुधा मर्यादेपर्यंत पोहोचलेलं असतं, म्हणून या द्रावकाच्या बाबतीत नाकावर विसंबू नये, असं त्याच्या सुरक्षापत्रकात लिहिलेलं आहे. मी विसंबत असे. माझं नाक त्या पत्रकापेक्षा चांगलं होतं.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, औषधांसाठी लागणारी मधली रसायनं तयार करणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं काम केलं. शेवटची अकरा वर्षं सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे होती. कोणत्या टेबलावर कोणती बाटली उघडी राहिली आहे, ते मी दारातून सांगत असे. गांगुर्डे भाऊ, आमचे सर्वांत जुने परिचर, नवीन आलेल्या मुलांना माझ्यासमोर आणून उभं करत.

"सांगा मॅडम, यानं सकाळपासून काय काय हाताळलं?"

"टोल्युइन. इथाइल अ‍ॅसिटेट. आणि डब्यात मेथीची भाजी."

पोरं हसत. पण दुसऱ्या दिवसापासून झाकणं नीट लावत.

म्हणून ज्या दिवशी छतात यंत्राचं नाक बसवलं गेलं, त्या दिवशी सगळ्यांनी वर पाहिलं आणि मी खाली.

ते नाक शाल्मली देवरेनं बनवलं होतं. शाल्मली माझ्याच हाताखाली तयार झालेली. बाविसाव्या वर्षी कळवणहून आली तेव्हा तिला पिपेट धरता येत नव्हती. पहिल्या दिवशी मी तिच्या हातात पांढऱ्या रंगाचा मार्कर दिला आणि सांगितलं, "बाटली उघडली की आधी तारीख, मग काम." इंग्रजी सातच्या पोटातून मी आडवी रेघ काढते, एक आणि सात यांचा घोळ होऊ नये म्हणून. ती सवयही तिनं उचलली. मग ती बंगळुरूला संशोधनासाठी गेली, संवेदकांवर पीएच. डी. केली आणि चार वर्षांनी परत आली ती माझ्या बरोबरीच्या हुद्द्यावर.

यंत्र तसं समजायला अवघड नव्हतं. छतात सोळा छिद्रं होती. दर दोन सेकंदांनी प्रत्येक छिद्रातून थोडी हवा आत ओढली जाई आणि प्रथिनांच्या पातळ पट्ट्यांवरून फिरवली जाई. प्रत्येक रसायनाचा रेणू त्या पट्ट्यांवर वेगळ्या रीतीनं चिकटतो, त्यामुळे त्यांतून वाहणारी वीज वेगळ्या तऱ्हेनं हलते, आणि त्या हालचालीच्या नक्षीवरून यंत्र नाव सांगतं. चारशे बारा नावं त्याला येत होती. माझ्या नाकाला एकशे तीस येत असत, तेही चांगल्या दिवसांत. हवेत वाफ वाढली की लाल दिवा लागे. लाल दिव्याशेजारी एक पिवळा दिवा होता; ही जोडी लेखनाच्या खोलीत आणि कोठारातही होती, आणि दिवा लागला की सगळीकडे एकदमच लागे. तो अजून चाचणीत आहे, एवढंच आम्हाला सांगितलं होतं.

आमचे विभागप्रमुख बोरस्ते साहेब उद्घाटनाला म्हणाले, "आता आपल्याकडे शाल्मलीचं नाक आहे. सर्दी नाही, सुट्टी नाही. खैरनार मॅडम, तुमच्या नाकाला आता आराम!"

सगळे हसले. मीही हसले. गांगुर्डे भाऊ तेवढे हसले नाहीत. ते वर बघून म्हणाले, "नाकाडं आहे नुसतं." त्या दिवसापासून यंत्राचं नाव नाकाडं पडलं. मला त्या नावानं किती बरं वाटलं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

त्याच दुपारी शाल्मली माझ्या टेबलापाशी आली. तिच्या हातात बटणाएवढा एक बिल्ला होता आणि पाच पानांचं संमतिपत्र.

"मॅडम, हा कॉलरला लावाल? काही महिने. प्रयोगशाळेत असाल तेवढा वेळ."

"आणखी कोण लावणार आहे?"

"कुणीच नाही. मला तुम्हीच हव्यात." मग जरा थांबून म्हणाली, "घरी नेऊन वाचा ना. पाच पानं आहेत. काही शंका असली तर मी समजावून सांगेन."

मी सुरक्षापत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई. पण ते 'समजावून सांगेन' माझ्या कानात अडकलं. मी उभ्याउभ्या शेवटचं पान उलटून सही केली. तो बिल्ला कशासाठी आहे, ते मला न वाचताच कळलं होतं, असं मला वाटलं. सव्वीस वर्षं द्रावकं हुंगून ही बाई किती बिघडली आहे, ते तिला मोजायचं होतं. तरुण माणसाला तुलनेसाठी एक जुनं, झिजलेलं उपकरण लागतं. ते मी.

कारण मी झिजले होते, आणि ते फक्त मला माहीत होतं. मला आणि विश्वासला.

एका रविवारी मी ओट्यापाशी उभी राहून पालेभाजी निवडत होते. माझा नवरा विश्वास बाहेरच्या खोलीतून आला आणि माझ्या हाताजवळचा गॅस त्यानं बंद केला.

"अगं, दूध लागलंय. बाहेरपर्यंत वास आला."

मी पातेल्याकडे पाहिलं. तळ काळा झाला होता. मी वाकून जवळून श्वास घेतला. काही नाही. कोमट हवा फक्त.

"डॉक्टरला दाखवू या," तो म्हणाला.

"सर्दी आहे," मी म्हणाले. त्याला ठाऊक होतं की मला सर्दी नाही. त्यानं पातेलं नळाखाली धरलं आणि विषय सोडला.

प्रयोगशाळेत मी आता डोळ्यांनी काम करत होते. कुणाच्या टेबलावर काय आहे ते आधी पाहायचं, मग नाक वर करून नाव सांगायचं. कुणाला कळलं नाही. फक्त एकदा, गांगुर्डे भाऊंनी रिकामी, धुतलेली बाटली माझ्यापुढे धरली आणि मी 'अ‍ॅसिटोन' म्हणाले. ते बाटली घेऊन गेले. नंतर त्यांनी कधी कुणाला माझ्यापुढे उभं केलं नाही.

आणि डोक्यावर ते नाकाडं रोज बरोबर नावं सांगत होतं.

मत्सराला काम लागतं. रिकाम्या हातांनी तो करता येत नाही. मी तपकिरी पुठ्ठ्याची एक वही आणली आणि यंत्राच्या चुका टिपायला लागले. लाल दिवा चुकत नव्हता, ते मी पहिल्याच महिन्यात पाहिलं. पिवळा मात्र अधूनमधून उगीचच लागे. हवेत वाफ नाही, पडद्यावर नाव नाही, आणि दिवा लागलेला. मी रकाने आखले. क्रमांक, तारीख, वेळ, जागा, प्रत्यक्ष स्थिती.

क्रमांक एक. तीन नंबरचा फ्यूम हूड. वाफ नाही. कंडेन्सरची रबरी नळी नळापाशी चिरली होती, ती मी बदलली. खोटा इशारा.

क्रमांक दोन. मधलं टेबल. वाफ नाही. टोल्युइनचं बीकर कडेला होतं, आत सरकवलं. खोटा इशारा.

असं करत सात महिन्यांत तेवीस नोंदी झाल्या. त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी तर काही म्हणजे काहीच नव्हतं. सतरावी नोंद अशी आहे: "शेजारची लेखनाची खोली. शाल्मलीच्या बढतीचा केक. आठ जण हजर. वाफ नाही, धोका नाही. खोटा इशारा."

विज्ञान शिकलेल्या माणसाला संगती दिसायला तेवीस नोंदी पुरतात. पण मी त्या वाचण्यासाठी लिहीत नव्हते, साठवण्यासाठी लिहीत होते.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता प्रात्यक्षिक ठरलं. मुंबई-पुण्याकडच्या काही कंपन्यांचे सुरक्षाप्रमुख यंत्र बघायला येणार होते. आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, मी द्रावकांच्या कोठारात महिन्याची पाहणी करायला गेले.

कोठार म्हणजे अंगणापलीकडची, भिंतींत झडपा असलेली खोली. वाफा साचू नयेत म्हणून तिला चारही बाजूंनी वारा. सात नंबरच्या कपाटावर शाल्मलीचं नाव होतं. मी दार उघडलं. वरच्या फळीवर डायऑक्सेनच्या तीन तपकिरी बाटल्या होत्या. दोन नव्या, सीलबंद. तिसरी अर्धी भरलेली, वापरातली.

तिसऱ्या बाटलीत तळाशी पांढऱ्या सुया दिसत होत्या. आणखी थोड्या गळ्याशी, झाकणाच्या खाली.

नाशिकच्या थंडीत डायऑक्सेनमध्ये पांढरं काही दिसलं तर आमच्याकडे कुणी दचकत नाही. ते बारा अंशांखाली गोठतं. दर डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाटल्या गोठलेल्या सापडतात. काय करायचं, ते मीच सगळ्यांना शिकवलं आहे. शेगडी नको, गरम हवेचा झोत नको. झाकण थोडं सैल करून बाटली कोमट पाण्यात ठेवायची. दहा मिनिटांत वितळतं.

पण तेव्हा दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या तापमापकात तेवीस अंश होते. शेजारच्या दोन्ही बाटल्या पाण्यासारख्या पातळ होत्या. तेवीस अंशांना डायऑक्सेन गोठत नाही.

मग त्या सुया कसल्या, ते उघड होतं. डायऑक्सेन इथरच्या कुळातलं आहे. ही द्रावकं हवेतला प्राणवायू हळूहळू स्वतःत ओढून घेतात आणि त्यातून पेरॉक्साइड बनतात. त्यांना आवर घालायला कारखान्यातच थोडं रोधक घालून देतात. शाल्मलीनं आपल्या यंत्राला शुद्ध डायऑक्सेनची ओळख करून देण्यासाठी ही बाटली उन्हाळ्यात ऊर्ध्वपातित केली होती. तिच्या चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं. ऊर्ध्वपातनात रोधक मागे राहतं. असं द्रावक काही आठवड्यांत संपवायचं असतं. हिला सात-आठ महिने झाले असावेत. नक्की किती, ते सांगता येत नव्हतं, कारण बाटलीवर तारीख नव्हती.

पेरॉक्साइडच्या स्फटिकांना वास नसतो, वाफ नसते. नाकाडं त्यांच्यासमोर आंधळं. स्फोट व्हायला त्यांना फक्त थोडा धक्का लागतो, थोडं घर्षण. ते झाकणाच्या आट्यांत साचले असतील तर झाकण फिरवणं पुरतं.

कपाटाचं दार मी दोन बोटांनी, आवाज न करता लावलं. वर पाहिलं तर पिवळा दिवा लागलेला.

नियम सोपा होता. खोलीला कुलूप, दारावर लाल पाटी, विभागप्रमुखांना फोन. पाच मिनिटांचं काम. मी फोन हातात घेतला आणि मला उद्याचे अकरा वाजलेले दिसले. पाहुणे उभे आहेत. शाल्मली म्हणते आहे, आमचं यंत्र चारशे बारा धोके ओळखतं. आणि मी, एक जुनी बाई, शांतपणे म्हणते, जरा सात नंबरच्या कपाटापाशी येता का सगळे? बाटलीवर तारीखही नाही. मी कुणाचं नाव घेणार नाही. घ्यायची गरजच नाही.

बंद कपाटातली बाटली एका रात्रीत कुणाला काय करणार आहे, असं मी स्वतःला विचारलं. काही नाही, असं स्वतःला सांगितलं.

वहीत लिहिलं: "क्रमांक चोवीस. बुधवार, 4.10. कोठार. प्रत्यक्ष स्थिती: काही नाही. खोटा इशारा."

पाच वाजता लेखनाच्या खोलीत शाल्मली उद्याची तयारी करत बसली होती. मला पाहून तिनं खुर्ची ओढली.

"बसा ना, मॅडम. उद्या तुम्ही माझ्याशेजारी उभ्या राहाल?"

मी बसले. तिचे डोळे लाल होते, केस कसेतरी बांधलेले. टेबलावर तिच्या टिपणांचा कागद होता आणि त्यावरच्या प्रत्येक सातच्या पोटातून आडवी रेघ गेलेली होती. माझ्या तोंडात वाक्य तयार झालं. 'शाल्मली, तुझ्या कपाटात...'

तेवढ्यात बोरस्ते साहेब दारात आले.

"अरे वा, दोघी इथंच. शाल्मली, ते डायऑक्सेनचं दाखव हं उद्या. माणसाच्या नाकाला कळत नाही ते यंत्राला कळतं, हे एकदम पटतं लोकांना. आणि खैरनार मॅडम, तुमच्यावर एक महत्त्वाची जबाबदारी."

"काय साहेब?"

"पाहुण्यांचा नाश्ता. गेल्या वेळी उपमा गार झाला होता. तुमचं लक्ष असलं की मी निर्धास्त."

"सर, मॅडम माझ्याबरोबर..." शाल्मली म्हणायला लागली.

"असू दे," मी म्हणाले. "खुर्च्या किती लागतील?"

खुर्च्या बारा लागणार होत्या. आम्ही त्यांच्याबद्दल थोडं बोललो. मग मी घरी गेले.

गुरुवारी सकाळी नाशिकचं तापमान सात अंशांवर आलं होतं. कंपनीच्या बसमध्ये सगळे स्वेटरात हात खुपसून बसले होते. साडेआठला मी उतरले, कॉलरला बिल्ला लावला आणि सवयीनं आधी कोठाराकडे गेले. खरं सांगायचं तर सवयीनं नाही. मला माझी बाटली बघायची होती.

सात नंबरचं कपाट उघडं होतं. वरच्या फळीवर दोनच बाटल्या होत्या आणि दोन्ही तळापासून गळ्यापर्यंत पांढऱ्याशुभ्र गोठलेल्या. तिसरी जागा रिकामी.

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. तेवीस अंशांना त्या सुया जगात फक्त एका माणसानं पाहिल्या होत्या. आता सात अंशांत सगळंच पांढरं होतं. रात्रीच्या थंडीनं खूण पुसली होती. शाल्मली लवकर आली असणार, प्रात्यक्षिकासाठी बाटली काढली असणार, आणि म्हणाली असणार, गोठलंय. आणि पुढे काय करायचं, ते तिला मी शिकवलं होतं. झाकण थोडं सैल करून कोमट पाण्यात.

कोठारापासून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत चाळीस पावलं आहेत. मी धावले. मी पंचावन्न वर्षांची आहे आणि शाळेनंतर धावले नव्हते. ओरडायचं होतं, पण घशातून हवा येत होती, आवाज येत नव्हता. अर्ध्या वाटेत काचेतून आतला पिवळा दिवा लागलेला दिसला.

दाराशी पोहोचले. शाल्मली वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या हूडसमोर उभी होती. स्टीलच्या टबात पाणी, पाण्यात बाटली. डावा हात बाटलीच्या खांद्यावर. उजवा हात झाकणाच्या वर, बोटभर अंतरावर, थांबलेला. ती दिव्याकडे बघत होती. मग तिनं उजवा हात मागे घेतला आणि मान वळवून बाटलीकडे नाही, दाराकडे पाहिलं. माझ्याकडे.

"मॅडम, काय दिसलं तुम्हाला?"

"झाकण फिरवलंस?"

"नाही. फिरवणारच होते, दिवा लागला."

"डावा हात सोड. हळू. बाटली हलता कामा नये. आता मागे ये. पाठ नको फिरवूस. ये."

ती आली. सहा पावलं. मी तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेर अंगणात आणलं तोवर सोडलं नाही.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. इमारत रिकामी केली. पोलिसांचं बॉम्बशोधक पथक साडेअकराला आलं. त्यांनी लांब दांड्याच्या यंत्रहातानं बाटली उचलली, मागच्या मोकळ्या मैदानात वाळूच्या पोत्यांमध्ये ठेवली आणि दूरवरून उडवली. मला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा आला. दोन पोती फाटून वाळू खाली सांडत राहिली. पाहुणे फाटकाबाहेर उभे राहून बघत होते. शाल्मली माझ्या शेजारी उभी होती. ती मैदानाकडे बघत नव्हती. उजव्या हाताची मूठ मिटत होती, उघडत होती.

बोरस्ते साहेबांना भान यायला थोडा वेळ लागला. मग ते पाहुण्यांकडे वळले. "बघितलंत? याहून चांगलं प्रात्यक्षिक कुठलं! आमच्या नाकानं पकडलं."

"नाकानं नाही पकडलं, सर," शाल्मली म्हणाली. "त्याला वासच नव्हता. खैरनार मॅडमनी पकडलं."

"म्हणजे?"

तिनं तिथंच, अंगणात उभं राहून सांगितलं. माणूस घाबरला की त्याचं हृदय घाई करतं, स्नायू आवळले जातात आणि श्वासातलं आयसोप्रीन नावाचं रसायन काही क्षणांत वाढतं. चित्रपटगृहातली हवा मोजणाऱ्यांना हे फार पूर्वी दिसलं होतं. पडद्यावर जीव टांगणीला लागला की सगळ्या प्रेक्षकांच्या श्वासानं हवा बदलते. शाल्मलीचा विचार असा होता की अनुभवी माणसाचं शरीर धोका आधी ओळखतं. चिरलेली नळी, कडेचं बीकर, चुकीच्या जागी ठेवलेली बाटली. तो माणूस तोंडानं काही म्हणायच्या आत त्याचा श्वास म्हणालेला असतो. यंत्राला वासांची चारशे बारा नावं शिकवणं सोपं. भीती शिकवायला मात्र असं माणूस हवं, ज्याची भीती कधी चुकत नाही.

"म्हणून श्वास टिपून यंत्राला कळवणारा तो बिल्ला फक्त मॅडमना," ती म्हणाली. "लाल दिवा माझा आहे. पिवळा त्यांचा."

एक पाहुणे हसले. "म्हणजे आता जाहिरात द्यायची का, भित्री माणसं पाहिजेत?"

"भित्री नाही. योग्य वेळी घाबरणारी."

मी तिथून निघाले. नाश्ता गार झाला असेल, असं काहीतरी पुटपुटले.

दुपारी ती मला लेखनाच्या खोलीत सापडली, की मी तिला, ते आठवत नाही. ती दार लावून माझ्यासमोर बसली.

"तारीख घातली नव्हती मी," ती म्हणाली. "तुम्ही पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. यंत्र आहे ना, म्हणून हात आळसावला. माझी चूक."

"हो."

"रागवा ना मग."

मला रागावता आलं नाही.

"अजून एक," ती म्हणाली. "काल चार दहाला कोठारात पिवळा लागला होता. नोंद संध्याकाळीच पाहिली मी. मोठी होती. आजच्याइतकी नाही, पण मोठी."

माझे हात टेबलाखाली होते.

"पाहिलीस, मग?"

"मग काय? पाच वाजता तुम्ही इथं बसून माझ्याशी खुर्च्यांबद्दल बोललात. म्हटलं, काही असतं तर मॅडम बोलल्या असत्या. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी तो खोटा धरला."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती मला यंत्राची अडचण सांगत होती.

"यंत्राला फक्त घाई कळते, मॅडम, हृदयाची. कशाची घाई, ते माणसानंच सांगावं लागतं. मला गेल्या सात महिन्यांतल्या सगळ्या पिवळ्या इशाऱ्यांची कारणं हवी आहेत. जे खोटे म्हणून भरले जातील ते यंत्र पुढच्या वेळी सोडून देईल. गांगुर्डे भाऊ म्हणाले, तुम्ही वही ठेवता."

वही माझ्या पर्समध्ये होती. मी ती काढली. चोविसाव्या नोंदीत माझ्याच अक्षरांत लिहिलं होतं, काही नाही. ते तसंच राहू दिलं असतं तर कुणाला कधी कळलं नसतं. यंत्र फक्त एवढं शिकलं असतं की तारीख नसलेल्या बाटलीत पांढऱ्या सुया बघून या बाईचा श्वास असा बदलतो तेव्हा गप्प बसायचं. पुढच्या वेळी, कुठल्यातरी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कुणाचा हात झाकणावर असता आणि दिवा लागला नसता.

प्रयोगशाळेच्या वहीत चूक खोडायची एक पद्धत असते. गिरवायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या मजकुरावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर मजकूर लिहायचा, सही आणि तारीख घालायची. हेही मी तिला शिकवलं होतं.

मी 'काही नाही' वर रेघ मारली. 'खोटा इशारा' वर दुसरी. शेजारी लिहिलं: "बाटली दिसली होती. सांगितलं नाही." सही केली. तारीख घातली. सातच्या पोटातून रेघ काढली. वही तिच्याकडे सरकवली.

तिनं शेवटून नाही, पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. तिला शिस्त आहे. नळी, बीकर, सैल प्लग. बोट एकेका ओळीवरून खाली जात होतं. सतराव्या नोंदीवर ते थांबलं. केक, आठ जण, धोका नाही. तिनं ती ओळ दोनदा वाचली असावी. वर पाहिलं नाही. मग बोट पुढे निघालं, अठरा, एकोणीस, वीस, आणि मला माहीत होतं अजून किती ओळी उरल्या आहेत.

खोलीत काही नव्हतं. बाटली नव्हती, शेगडी नव्हती, खिडकी उघडी होती. छतातला पिवळा दिवा लागला.

शाल्मलीनं चोविसावी ओळ संपवली. मग मान वर करून दिव्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिनं पेन उचललं, चोविसाव्या ओळीखाली सरळ रेघ आखली, आणि नव्या ओळीत लिहिलं: पंचवीस. गुरुवार, 3.27. लेखनाची खोली.

सातच्या पोटातून रेघ काढून तिनं वही माझ्याकडे फिरवली आणि पेन माझ्या हातात दिलं. प्रत्यक्ष स्थितीचा रकाना तिनं रिकामा ठेवला होता.